आंबट वाइन आणि दारावरची केरसुणी

सप्टेंबर सरायला लागला की कोलोनला माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दाराशीच गढूळ बाटल्या मांडून ठेवतात. पिळलेल्या द्राक्षांचा रस नुकता कुठे आंबायला लागलेला असतो, आतून बारीक बुडबुडे वर येत असतात, आणि बुचाऐवजी डोक्यावर नुसतं सैल टोपण असतं. घट्ट बूच मारलं तर बाटली फुटायची. दुकानदार दरवर्षी बजावतो, "उभी न्या हं, हेर डॉक्टर, आडवी करू नका." हेर म्हणजे इथले श्रीयुत. मी दरवर्षी मान डोलावतो. आणि दरवर्षी ट्राम वळणावर आचका देते, बाटली पिशवीत कलंडते, अन् घरी पोचेपर्यंत माझी एक तंगडी मांडीपासून मोज्यापर्यंत भिजलेली असते. यंदाही तेच झालं. शालूनं दार उघडलं, पँटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आले वाटतं द्राक्षांचे दिवस!"

तो वास मात्र मला आवडतो. लहानपणी पुण्यात सकाळी सकाळी नीरा प्यायला जायचो, त्या ग्लासाला असा वास असे. ऊन चढायच्या आत प्यायची ती नीरा, दुपारनंतर तीच ताडी. एकच रस सकाळी चांगला आणि दुपारी वाईट कसा, हे मी वडिलांना विचारलं होतं. "नसत्या चौकशा नकोत," असं उत्तर मिळालं होतं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, ते कदाचित त्या नसत्या चौकशीपायीच असेल.

आमच्याकडे दारूबंदीचा काळ. दारू म्हटलं की सगळं एकाच शब्दात आलं. कुणाकडे परमिट असलं तर त्याच्याबद्दल बायका आवाज खाली करून बोलत. स्टुटगार्टला पीएचडीसाठी आलो आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी हातात ग्लास दिला, तेव्हा धर्म बुडण्याच्या भीतीपेक्षा कुतूहल मोठं ठरलं. एक घोट घेतला. मग तोच प्रश्न पुन्हा डोक्यात. ही अशी का लागते? शेजारच्या गावची वेगळी का लागते? आज इतकी वर्षं झाली, प्रश्न काही संपत नाहीत आणि बाटल्याही.

पण बाटली विकत घ्यायची म्हणजे काय दिव्य असतं, ते माझं मला ठाऊक! लेबलावर त्या जुन्या काटेरी लिपीत सगळं लिहिलेलं असतं. गावाचं नाव, गावातल्या टेकडीचं नाव, द्राक्षाची जात, द्राक्षं लवकर तोडली की उशिरा, मालकाचं नाव, मालकाच्या आजोबांचं नाव. शिवाय एक सोनेरी सिंह नाही तर किल्ला. गिऱ्हाइकाला जी एकच गोष्ट कळायला हवी, म्हणजे आत गोड आहे की आंबट, तेवढी लिहायची राहून जाते. दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, "लिब्लिश." शब्दाचा अर्थ लाघवी, गोजिरी. घरी येऊन बूच काढलं की कळतं, पाक आहे पाक! त्यात जिलब्या तेवढ्या सोडायच्या बाकी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि बुचं! अर्धं वर येतं, अर्धं आत राहतं. एकदा उरलेलं बूच पेन्सिलीनं आत ढकललं आणि वाइन गाळून घेतली. शालूनं गाळणं ओळखलं. "अहो, चहाच्या गाळण्यातून दारू गाळलीत?" मग मी नेहमीप्रमाणे ही दारू नव्हे, वाइन आहे, हे समजावून सांगायला लागलो. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "म्हणजे दारूच ना पण?" त्या संध्याकाळी नवं गाळणं आणायला मला पिटाळण्यात आलं.

एकदा तर बाटलीला चक्क भिजलेल्या गोणपाटाचा वास होता. बूच खराब असलं की तसं होतं. मी बाटली परत घेऊन गेलो. दुकानदारानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या देशात वाइन होते का?" म्हटलं, "वाइन होत नाही, पण आम्हाला नाकं असतात." त्यानं बाटली काही बदलून दिली नाही. तेव्हापासून मी समोरच्या दुकानात जातो, तिथलाही माल तसलाच आहे.

असं चिडचिड करत बसलो की मला रेम्स नदीच्या खोऱ्यातलं ते घर आठवतं. आमचा तिथला पहिला शरद ऋतू आठवतो आणि आमची घरमालकीण फ्राउ एबर्ले आठवते. तिच्या वाइनला लेबलच नव्हतं. ती बाटलीतच नव्हती.

शालू पुण्याहून आली त्याच वर्षी. स्टुटगार्टात नवराबायकोला खोली मिळेना. घरमालकिणी आधी माझ्याकडे पाहत, मग तिच्या नऊवारीतल्या लग्नाच्या फोटोकडे, मग म्हणत, स्वयंपाकाचा वास फार येतो तुमच्या. शेवटी शहराबाहेर, आगगाडीनं जायच्या अंतरावर, द्राक्षमळ्यांच्या गावात माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. मालकीण विधवा, साठीची, हातपाय मळ्यात कामं करून राठ झालेले. तिनं एकच विचारलं, "जिना रोज झाडाल ना?" शालूला केरसुणीचा आणि झाडण्याचा अभिनय कळला, तिनं जोरात मान हलवली. मालकीण म्हणाली, "आल्झो," म्हणजे बरं तर, "या मग."

घरामागून टेकडी सुरू होई आणि टेकडीवर थेट माथ्यापर्यंत वेलींच्या रांगा. ऑक्टोबरात पानं पिवळी व्हायला लागली. सकाळी धुकं खोऱ्यात बसलेलं असे, दहाच्या सुमारास उठे, आणि मग एकदम सगळी टेकडी पिवळीधमक दिसे. शालू खिडकीत उभी राहून म्हणायची, "हळदीचं शेत वाळत घातलंय जणू." जिन्यात कायम तळघराचा गारवा आणि आंबूस वास. तळघरात एकच मोठं लाकडी पिंप होतं, माझ्या छातीपर्यंत येणारं.

त्या पिंपाचीच सगळी काळजी होती. आदल्या वर्षी त्या खोऱ्यात उन्हाळा जवळजवळ आलाच नव्हता. ट्रोलिंगर जातीची द्राक्षं हिरवटच राहिली आणि त्यांची वाइन झाली ती आंबट. फिकट लाल, दिसायला देखणी, पण जिभेवर ठेवली की डोळे आपोआप मिटत. गावानं वर्षभर तिच्याकडे पाठ फिरवली. त्यातून दुकानांत गोड बाटल्यांची लाट आलेली. फ्राउ एबर्लेचं पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं, आणि इकडे यंदाचं पीक उन्हानं लगडून आलेलं. पिंप रिकामं झालं नाही तर नवा रस ओतायचा कुठे? मग द्राक्षं सहकारी संघाच्या गाडीत घालायची. तिथे सगळ्या गावाची द्राक्षं एका टाकीत जातात आणि एकाच चवीची वाइन बाहेर येते.

"एकदा गाडीत घातली की घातली, मग दरवर्षी तिकडेच," ती मला म्हणाली होती. "माझा नवरा गेला, त्याचा बाप गेला, पण हे पिंप कोरडं पडलं नाही. माझ्यापाशी येऊन पडणार बहुतेक." मी माझ्या लेबलांच्या ज्ञानातून काहीतरी सांगायला लागलो, आंबटपणा म्हणजे टिकाऊपणा वगैरे. तिनं ऐकून घेतलं. "जा, जा, हेर डॉक्टर," म्हणाली आणि कांदे चिरायला लागली. मला अजून डॉक्टरेट मिळायची होती.

शनिवारपासून घरात माणसं येतील, थोडा गलका होईल, असं तिनं सांगून ठेवलं होतं. का येतील ते मी विचारलं नाही. माझ्यासारख्या चौकस माणसानं नेमकं तेवढंच विचारलं नाही! मला वाटलं, नातेवाईक येत असतील. तिनं बैठकीची खोली रिकामी केली, पलंगसुद्धा परसात नेऊन ठेवला, शेजाऱ्यांकडून बाकं आणली. दुपारभर कांद्याच्या पोळ्या भाजल्याचा खमंग वास माडीवर येत होता. ओव्हनमध्ये भाजतात ती जाड पोळी, वर भरपूर कांदा आणि साय.

नेमकं त्याच शनिवारी लक्ष्मीपूजन. शालूनं चार दिवस खपून चकल्या केल्या होत्या, शेव केली होती, पोह्यांऐवजी ओटचे पोहे घालून चिवडा केला होता. तिखट तिनं घरून आणलेलं. सगळं जमलं, पण पूजेला केरसुणी मिळेना. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतात. केरसुणी ही लक्ष्मीच. गावातल्या दुकानात मिळाले ते लांब दांड्याचे नायलॉनचे ब्रश. "याला का लक्ष्मी म्हणायचं?" असं म्हणत ती हात हलवत परत आली.

मी पाचच्या गाडीनं घरी पोचलो तर पूजा मांडलेली. पाटाऐवजी उलटी फळी, त्यावर माझा टॉवेल, आणि त्यावर एक सुंदर नवीकोरी केरसुणी. बर्चच्या बारीक काटक्यांची, गच्च बांधलेली. "कुठे मिळाली गं?"

"अहो, काय सांगू! खाली दारात, रस्त्याकडेला टांगलेली! दिवेलागणीची वेळ, आणि लक्ष्मी अशी उलटी, दाराबाहेर! बाईंना कुणी सांगितलंच नसेल. नवीच आहे, एक काडी मोडलेली नाही. म्हटलं, आजच्या दिवस पुजते, उद्या देते परत आत नेऊन."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट तिच्या चतुराईचं कौतुकच वाटलं. हळदकुंकू लावलेलं होतं, समईऐवजी वाटीत तेलाची वात होती, आणि फुलंही मिळाली होती. फुलवाल्याकडे शेवंतीच शेवंती होती म्हणे, पिवळी आणि पांढरी. शालू हरखून गेली होती. पुण्याची फुलं इथे, आणि नेमकी दिवाळीला! तिनं केरसुणी शेवंतीनं झाकूनच टाकली होती.

पूजा झाली. खाली मात्र गलका नव्हता. मी जिन्यात जाऊन कानोसा घेतला. बैठकीत दिवा जळत होता, बाकं रिकामी, आणि फ्राउ एबर्ले स्वच्छ इस्त्रीचा एप्रन बांधून भिंतीशी बसलेली. रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांची पावलं दारापाशी मंदावत आणि पुढे निघून जात. प्रत्येक वेळी ती मान वर करी.

"नाही आले तुमचे पाहुणे?" मी विचारलं.

"नाही आले," ती म्हणाली. "आंबट वाइन प्यायला कोण येणार? आल्झो, ठरलं माझं. सोमवारी संघाच्या गाडीला निरोप देते."

बाई रडत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि ते राठ हात मला बघवेनात. शालू मागून आली होती. तिला भाषा कळली नाही, चेहरा कळला. तिनं सरळ जाऊन तिचा हात धरला. "कॉमेन झी, कॉमेन झी," या, या, म्हणत तिला प्रसादाला माडीवर घेऊन आली.

दारात येताच फ्राउ एबर्ले थबकली. तिनं फळी पाहिली. फळीवर आडवी ठेवलेली आपली केरसुणी पाहिली, तिच्यावर शेवंती, पुढे दिवा. तिचा चेहरा पांढराफटक पडला.  मग मला म्हणाली, "ही फुलं आम्ही थडग्यावर ठेवतो."

दोन-चार दिवसांवर इथल्या पितरांचा दिवस आला होता, त्या दिवशी सगळे थडग्यांवर फुलं वाहतात. ऑक्टोबर अखेर दुकानात एवढी शेवंती का आली होती, ते तेव्हा उमगलं.

"तुम्हालाही असंच वाटतं तर," ती म्हणाली, "की माझा बेझन मेला."

बेझन म्हणजे केरसुणी. पण ती ज्या आवाजात म्हणाली त्यावरून कळलं, नुसत्या केरसुणीबद्दल हे नाही. विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. इथल्या शेतकऱ्याला वर्षातले काही आठवडे आपल्या घरात आपली वाइन विकता येते. पाटी नाही, जाहिरात नाही. दारावर केरसुणी टांगली की समजायचं, उघडलंय. केरसुणी उतरवली की समजायचं, संपलं. आजचा तिचा पहिला दिवस होता.

मी शालूला मराठीत सांगितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अगं बाई! म्हणजे लोक मघापासून दारावरून परत चाललेत? माझ्यामुळे?" आणि मग माझी वाट न बघता तिनं आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केली. "नाइन, नाइन टोट!" मेलेली नाही. "गॉटिन!" देवी. तिनं केरसुणीला नमस्कार करून दाखवला. दाराकडे बोट केलं, मग पावलं आत टाकत आली, पुन्हा दाराकडे गेली, पुन्हा आत आली. लक्ष्मी घरात येते ती अशी, एवढं तिला सांगायचं होतं. मी जोडून दिलं, "आमच्याकडे आजच्या दिवशी केरसुणी ही देवी असते. ती घरी येते म्हणून तिला फुलं."

फ्राउ एबर्ले बघत राहिली. मग खालचा ओठ थरथरला, आणि मला वाटलं आता रडणार, तर ती हसायला लागली. दाराची चौकट धरून हसली, एप्रननं डोळे पुसले, पुन्हा हसली. "गेनाऊ!" म्हणाली, अगदी बरोबर. "माझ्याकडेही हिच्याचमुळे माणसं घरात येतात!"

शालू शेवंती काढायला वाकली. फ्राउ एबर्लेनं तिचा हात अडवला. केरसुणी तशीच उचलली, हळदकुंकवासकट, फुलांसकट, आणि खाली जाऊन दाराला टांगली.

पहिला आला तो समोरचा गाडीवान. तो वाइन प्यायला आला नव्हता, दारावर थडग्याची फुलं कुणी लावली ते विचारायला आला होता. त्याच्यामागून त्याची बायको आली. तिच्यामागून आणखी कोण कोण. फ्राउ एबर्लेनं प्रत्येकाला बसवलं, कानाच्या ग्लासात पाव लिटर ओतून पुढे ठेवलं, आणि गोष्ट सांगितली. लोक हसले, घोट घेतला, आणि डोळे मिटले. वाइन आंबट ती आंबटच होती. गोष्टीनं काही ती गोड होत नव्हती. दुसरा ग्लास कुणी मागेना.

शालू फराळाचं ताट घेऊन खाली आली ती निव्वळ दिवाळी म्हणून. घरात इतकी माणसं आणि फराळ नाही, हे तिच्यानं कसं होणार? गाडीवानानं चकली मोडली, चावली, आणि त्याचे कान लाल झाले. त्यानं घाईनं ग्लास उचलला. घटाघटा प्यायला. थांबला. पुन्हा चकली, पुन्हा घोट. "हे जमतंय की!" तो शेजाऱ्याला म्हणाला. तिखट आणि आंबट! आम्ही लहानपणापासून कैरीला तिखटमीठ लावून खातो. मी इतकी लेबलं वाचली, हे काही मला सुचलं नव्हतं.

शालूनं त्या दिवशी पहिल्यांदा वाइन चाखली. बोट बुडवून, तीर्थ घ्यावं तशी. मी श्वास रोखून बघत होतो, आता काय म्हणते. ती जरा वेळ तोंड हलवत राहिली. "आवळ्यासारखी आहे," म्हणाली. "आधी रागावते, मग बरी वागते. तुमच्या त्या बाटल्यांसारखी लाडीगोडी नाही लावत." वाइनबद्दल इतकं नेमकं मत मी आजवर दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. जाणकार लोक फार बोलतात.

पुढचे दिवस आमच्या स्वयंपाकघरात कढई चुलीवरून उतरलीच नाही. ज्या बाईनं भाडेकरू ठेवताना नाक मुरडलं नाही, तिच्या अख्ख्या घराला आता तळणीचा वास होता, आणि गाव त्या वासाच्या मागे येत होतं. द्राक्षतोडणीच्या आदल्या दिवशी पिंपातून शेवटी गाळ आला. तिनं आम्हाला तळघरात बोलावलं आणि पिंपावर बुक्का मारला. पोकळ आवाज आला. तो आवाज ऐकून ती शालूच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून शालूला ती 'तू' म्हणायला लागली, मला मात्र अजून तुम्हीच.

पुढे मला कोलोनला नोकरी लागली. गाव सुटलं. निघताना शालूनं तिला हळदकुंकवाची एक डबी दिली आणि बजावलं, "केरसुणी कधी उभी ठेवायची नाही. दारामागे, आडवी." म्हातारी हसून हो म्हणाली. मनावर घेईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

यंदा माझी पँट भिजली तेव्हा शालूच म्हणाली, "हे पुरे झालं. चला, तिच्याकडे जाऊन येऊ." ऑक्टोबरातल्या एका शनिवारची गाडी पकडली. ऱ्हाइनच्या काठानं वर, मग स्टुटगार्ट, मग ती छोटी गाडी. टेकडी तशीच पिवळी. गल्लीत शिरलो आणि शालूची पावलं मंदावली. दारावर केरसुणी नव्हती.

फ्राउ एबर्ले आत पाय स्टुलावर घेऊन बसली होती. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मळ्याच्या पायऱ्यांवरून घसरली म्हणे. आम्हाला बघून हरखली, मग तिची नजर दाराकडे गेली. "यंदा उघडत नाही," म्हणाली. "वाढणार कोण? पिंप भरलेलं आहे. संघाच्या गाडीला निरोप धाडलाय." हात मांडीवर. तेच राठ हात.

 शालूनं पर्स मला दिली, पदर खोचला, आणि ती दारामागे वाकली. केरसुणी तिथेच होती. आडवी. तिच्यावर हळदीचे आणि कुंकवाचे ठिपके होते, थरावर थर, दरवर्षीचे. शालूनं ते बोटानं चाचपून पाहिले. मग उठून केरसुणी बाहेर नेली आणि खिळ्याला टांगली.

"थांब," आतून फ्राउ एबर्ले ओरडली. काठीनं तिनं खिडकीकडे दाखवलं. खिडकीत कुंडी होती, आणि कुंडीत पिवळी शेवंती. "आधी फुलं लाव. फुलांशिवाय गावाला ओळखू नाही येत."

शालूनं फुलं लावली. ती आत येतेय तोवर रस्त्यावर कुणाची तरी पावलं थांबली आणि गाडीवानाचा आवाज आला, "उघडलंय का?"

फ्राउ एबर्लेनं शालूकडे पाहिलं. "किती दिवस राहाल?"

मी सांगणार होतो की सोमवारी मला कामावर हजर व्हायचं आहे.

"पिंप रिकामं होईपर्यंत," शालू म्हणाली, आणि मी ग्लास काढायला उठलो.